तागडीत तोललेली पोथी

या, अशा जवळ येऊन बसा. लांब भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि आधी मला थोडं रागावू द्या. सुट्टी लागली की तुम्ही समुद्र बघता, डोंगर बघता, बर्फ हातात धरून फोटो काढता, पण बीडचं नाव काढलं की म्हणता, "तिकडं काय आहे बघायला?" अहो, दिवाळी सरली की तिकडची माणसं आमच्या साताऱ्याकडं ऊस तोडायला येतात, बांधाला कोपी घालून राहतात. तुमच्या चहातल्या साखरेला त्यांचे हात लागलेले असतात. ती आपलं दार बघून जातात, आपण त्यांचं दार कधी बघत नाही. मीसुद्धा गेल्या माघापर्यंत तुमच्यातलीच होते. मला जावं लागलं ते एका पोथीपायी.

पोथी माझ्या थोरल्या जावेची, गोदाक्काची. अक्का माहेरची बीडकडची, तलवाड्याची. लग्न होऊन आमच्यात आली त्याला जन्म गेला, तरी राग आला की अजून तोंडातून "का?"ऐवजी "कावून?" असंच निघतं. तिनं माहेरून आणलेल्या पेटीत ही पोथी होती. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली. सुटी लांबट पानं, काळी जाड अक्षरं, कडेनं वेलबुट्टी. त्यात केतकी नावाच्या मुलीचं आख्यान, ओव्यांमध्ये. कवी कोण, ठाऊक नाही. मी शाळेत गेले नाही. अक्का चुलीपुढं ती पोथी वाचायची, मी भाकरी थापता थापता अक्षरांवर नजर ठेवायची, तेवढ्यावर वाचायला शिकले. माझी शाळा म्हणजे ती पोथी.

पण शाळा अर्धवटच! कारण अक्काकडं पोथीच्या तीन हिश्शांतला मधला एकच होता. तिचे वडील तलवाड्याच्या बाजारात मापाडी होते, धान्य तोलायचे. वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या मापात कधी कुणी खोट काढली नाही. मुलगा नव्हता, तीन मुली. गंगा, गोदा, सिंधू. अक्काची आई वारली, तिच्या मागं ही पोथी राहिली, आणि ती कुणाची हा प्रश्न आला. वडिलांनी काय करावं? भिंतीवरची तागडी काढली आणि पोथी तोलून तीन वाटे केले! एकीला गुंजभर जास्त नाही, एकीला कमी नाही. आरंभ गंगेला, मधलं गोदेला, शेवट सिंधूला.

आता तुम्ही हसाल. पण तीन लेकींच्या बापानं त्याला जे येत होतं त्यानं न्याय केला. ओवी कुठं तुटली हे त्याला कसं दिसणार?

ओवी तुटली ती अशी. अक्काच्या शेवटच्या पानाची शेवटची ओळ:

*केतकी बैसली तीरावरी । रिती शिदोरी मांडीवरी ।*
*नाव दिसे पैलतीरीं ।*

बस्स. चौथा चरण नाहीच. घरातून हाकललेली ती मुलगी नदीकाठी बसलेली, शिदोरी संपलेली, नाव पलीकडच्या काठाला. दर श्रावणात आम्ही दोघी जावा तिला तिथं काठावर बसवून पोथी बांधून ठेवायचो. लेकरं झाली, सुना आल्या, केतकी तिथंच.

माझ्या नातवाच्या कॉलेजातले एक सर मागं घरी आले होते. त्यांनी पानं उजेडाला धरून बघितली आणि म्हणाले, "आजी, अशी पोथी माझ्या पाहण्यात नाही. पण तिनातला एकच हिस्सा म्हणजे पाय नसलेली खुर्ची." त्याचं अक्काला काही वाटलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू वाढलाय, नजर फार दिवस पुरणार नाही. घरी येऊन तिनं पेटीतली पोथी काढली. मग म्हणाली, "मला शेवट माझ्या डोळ्यांनी वाचायचाय. तू जाऊन आण."

"सिंधूताईला फोन करू की."

"सिंधीला ऐकू येतंय व्हय? मी म्हणती बरी हाईस का, ती म्हणती आं? अन् पोथी का फोनवर वाचायची असती? जातीस का न्हाईस?"

मग काय. अक्काचा वाटा पिशवीत घालून गेले.

तलवाडा

एसटीचं पुराण लावत नाही. माझी सगळी हाडं जागच्या जागी आहेत का, ते मोजून झालं, एवढंच.

आमच्याकडं नजर जाईल तिथं ऊस, हिरवा आणि ओला. इथं माळ उघडा पडलेला, काळी जमीन, वेचून झालेल्या कापसाची सुकी झाडं, त्यात मधूनच ज्वारीचा पट्टा कणसं डोलवत उभा. आभाळ मोठं वाटतं. आमच्या डोंगरांनी आभाळाच्या कडा खाल्लेल्या असतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

थोरली बहीण गंगाबाई गावातच दिलेली. ती जाऊन बरीच वर्षं झाली. घरी तिची सून रुक्मिण. ठसठशीत बाई, बोलताना कमरेवर हात. मला बघताच म्हणाली, "गोदामावशीच्या जाऊबाई? अगं बया, इतक्या लांबून एकट्या? बसा, आदी जेवा, मग काय ते बोला."

जेवायला भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. चमचाभर कालवलं की आमटीला अंग येतं. आमच्याकडं पाहुणा आला की खोबरं भाजा, कांदा भाजा, वाटा. इथं डबा उघडला की झालं. मी तीनदा आमटी घेतली, तर रुक्मिण म्हणते, "लाजू नका, अजून वाढते. साताऱ्याची माणसं गोडच खात्यात म्हणं?"

भिंतीवर खुंटीला तीच तागडी टांगलेली होती. पितळी पारडी, काळवंडलेली दांडी. आणि देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं. हळदीकुंकवाचे थर बसून फडकं पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. तोच गंगाबाईचा वाटा.

मी म्हटलं, "जरा उघडून बघू का गं? आरंभ तरी वाचीन."

रुक्मिणीचा चेहराच बदलला. "न्हाई बाई. ती उघडायची न्हाई. सासूबाईंनी बी कदी उघडली न्हाई. एकदा उंदरानं कोपरा कुरतडला, त्या साली आमचा बैल गेला."

माझ्या तोंडावर आलं होतं की बैल आणि उंदराचा काय संबंध. पण मी गिळलं. गंगाबाईला वाचता येत नव्हतं. जिला वाचता येत नाही तिनं वाट्याला आलेली पोथी कशी जपावी? फूल वाहून. जन्मभर तिनं ते केलं, सुनेच्या हातात दिलं. मी कोण उपटसुंभ ते सोडणारी? आणि मला हवा होता शेवट. तो तर दिंद्रुडला.

वडवणी

दिंद्रुडच्या वाटेवर वडवणीत गाडी बंद पडली. नेमका आठवड्याचा बाजार. मेथीच्या जुड्या, बोरांचे ढीग, दोरखंडं, रंगीत परकर, आणि या सगळ्याच्या मधोमध मी, पोथीची पिशवी छातीशी धरून. कुणीतरी धक्का दिला आणि पिशवी चिखलात पडता पडता वाचली.

"मौसी, इधर आव! हितं बसा सावलीला." फळांच्या गाड्यावरून एक बाई हाक मारत होती. शमीमआपा. पेरू, बोरं, केळी. मला पाट दिला आणि पिशवी ठेवायला स्वच्छ जागा कुठली, तर तिचा तराजू. पारड्यात ठेवली. आता मला हसू आवरेना.

"हसता कावून?"

मग सगळं सांगावं लागलं. मापाडी, तीन लेकी, काठावर बसलेली केतकी. आपा एकीकडं गिऱ्हाईक करत होती, एकीकडं ऐकत होती. एका गिऱ्हाइकाला तर म्हणाली, "थांब रे बाबा, पोरगी नदीवर बसलीय, तुला पेरूची पडलीय." शेवटी मी गप्प झाले तशी भुवया वर करून बघायला लागली. "मंग? नाव आली का?"

"तेच तर बघायला चाललेय."

"लई येळ बसवली तिला." तिनं पेरू फोडून मीठ-तिखट लावून दिला. पैसे घेईना. "जाताना हिकडूनच जावं लागंल तुमाला. सांगून जा, उतरली का न्हाई ती."

दिंद्रुड

सिंधूताई अक्काची धाकटी बहीण, पण तोंडावळा असा हुबेहूब की मी पायाच पडायला गेले. कानानं कमी, आवाजानं दुप्पट. सगळ्या गल्लीला कळलं की साताऱ्याची बाई आलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात हुरडा. शेकोटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि हिरवे गरम दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. सिंधूताईच्या हातावर भाजल्याचा डाग नाही, माझे तळवे लाल. "ऊसवाल्यांचे हात," म्हणून तिनं सगळ्यांसमोर माझी चेष्टा केली.

दुपारी अंगणात घोंगडं टाकून बसलो. तिनं तिचा वाटा आणला, मी अक्काचा सोडला. तिचा हात पोथीवर होता. म्हणाली, "बाई, ही खरं तर आपली न्हाईच."

मग तिनं आईकडून ऐकलेलं सांगितलं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आईच्या आजीच्या शेजारी एक अत्तर विकणारे चाचा राहायचे. ते जत्रांतून फिरायचे. कुठल्या तरी जत्रेत त्यांनी ही पोथी घेतली. उर्दू यायची, मराठीही यायची. संध्याकाळी दोन्ही घरच्या बाया पायरीवर बसायच्या आणि चाचा केतकीचं आख्यान वाचायचे. म्हातारपणी ते लेकीकडं हैदराबादला निघाले, तेव्हा पोथी आजीच्या पदरात घातली. म्हणाले, अमानत समजा, मी येऊन नेईन. ते आले नाहीत. आजीनं लेकीला वाचायला शिकवून घेतलं, लेकीनं तिच्या लेकीला. "आई म्हणायची, येईल कुणी मागायला. तवर वाचत ऱ्हावा. आमी लई बारक्या, आई वाचाय लागली की अर्ध्यातच झोपायचो."

मग मी अक्काचं शेवटचं पान धरून वाचलं, मोठ्यानं, तिच्या कानाशी. "नाव दिसे पैलतीरीं." आणि सिंधूताईनं तिचं पहिलं पान उचललं. त्यावर वरच, एकटेच दोन शब्द:

*हाक पोचेना ॥*

तिचे डोळे मोठे झाले. "बाई! म्या जलमभर हितून सुरू करती. हाक पोचेना, हाक पोचेना. कुणाची हाक, कुणाला, कदी कळलंच न्हाई!" आणि तोंडाला पदर लावून ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मी पाठीवरून हात फिरवला. माझंही तेच चाललं होतं.

ती वाचत गेली. खड्या सुरात, शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं. नावाडी आला, केतकी नावेत बसली, वारा उठला. शेवटचं पान आलं:

*वारा फिरला माथ्यावरी । नाव डोले मध्यधारीं ।*
*केतकी म्हणे, दूर घरीं । दिवा दिसतो ॥*

सिंधूताईनं हात जोडले आणि पानं बांधायला घेतली.

"अहो, थांबा. इति कुठाय?"

"आं?"

"इति! समाप्त! पोथी संपली की लिहिलेलं असतं ना, इति श्री अमुक संपूर्णम्!"

"आमी असंच संपवतो. दिवा दिसला, बास."

अहो, बास कसं? अक्कानं तिला काठावर बसवली होती, हिनं नदीच्या मधोमध! मी पानं उलटीपालटी केली. इतक्या लांब येऊन मी अक्काला काय सांगणार? तिची नजर दिवसादिवसानं चाललेली.

सिंधूताई डोळे बारीक करून कुठं तरी बघत होती. मग एकदम माझा हात धरला. "तोलताना माझं पारडं खाली गेलतं."

"काय?"

"गंगाताईचा वाटा एका पारड्यात, माझा दुसऱ्यात. माझं जड झालं. तर बाबांनी माझ्या ढिगातलं सगळ्यांत खालचं पान काढलं अन् ताईच्या पारड्यात टाकलं. म्या रडलते. माझं पान ताईला कावून देता म्हणून. बाबा म्हणले, बघ, आता काटा सरळ झाला." आणि मग हळूच, पहिल्यांदाच हळूच, "मला वाटलं, कोरं असंल."

परत तलवाडा

सिंधूताईनं तिचा वाटा माझ्या पिशवीत घातला. "अक्काला वाचू दे. मंग द्या धाडून." स्वतःही आली असती, पण घरात सून बाळंत झालेली.

रुक्मिणीपुढं मी देव्हाऱ्याकडं न बघता बसले. पानाचं सगळं सांगितलं. अक्काच्या डोळ्यांचं सांगितलं. तिचा नवरा दारातून म्हणाला, "दे की सोडून, कागुद तर हाय." तशी ती फिस्कारली, "तुमी गप बसा! बैल मेला तवा कोण रडलतं?"

मग तिनं भिंतीवरच्या तागडीकडं बघितलं. शेवटी म्हणाली, "वाट्यातलं पान काडून न्यायचं, ते सासूबाईंच्या जिवाला लागंल. वाटा कमी व्हईल."

मग तिलाच वाट सुचली. ती उठली, पाय धुऊन आली, आणि विचारलं, "तुमी मुराळी म्हणून आलाव का?"

मुराळी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. लेक जाते, चार दिवस राहते, आणि परत सासरी येते. लेक गेली म्हणून घर कमी होत नाही.

मी म्हटलं, "होय गं बाई. मुराळीच आलेय."

"मंग नेता येतंय."

तिनं फडक्याची गाठ सोडली. कुंकवाचे पापुद्रे मांडीवर पडले. आतली पानं काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं उजेड न लागलेली, वेलबुट्टी काल छापल्यासारखी काळीभोर. आणि ढिगाच्या तळाशी, उलटं घातलेलं, ते एक पान. मी वाचायला घेतलं नाही. पालथंच धरलं. वाचायचं ते अक्कानं.

रुक्मिणीनं त्या पानाला हळदकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली, तांदूळ घातले. "पाडव्यापर्यंत पोचवा. सासूरवाशीण हाय. जास्त दीस माहेरी बरं न्हवं." मग माझ्या पिशवीत एक डबा कोंबला. येसर.

येताना गाडी वडवणीला थांबली नव्हती, म्हणून घरी जाताना वाट वाकडी करून तिथं गेले. शमीमआपा लांबूनच ओरडली, "उतरली का?"

"अजून नावेतच आहे," मी म्हटलं. "पण उतरणार. पान मिळालं."

"मंग फोन करा," असं म्हणून तिनं तिचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि पिशवीभर पेरू दिले. आता बघा, याला काय म्हणायचं?

घरी

अक्का उंबऱ्यावरच बसलेली. मी पाय धुवायच्या आत, "आणलं?"

सकाळचं कोवळं ऊन अंगणात आल्यावर बसलो. एका डोळ्याला भिंग लावून तिनं आधी सिंधूताईची पानं वाचली. एकेका ओळीला वेळ लागत होता. मी मदत करायला गेले तर हात झटकला. "हाक पोचेना" आलं तेव्हा ती थांबली, त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत राहिली. मग नाव, मग वारा, मग दूरचा दिवा. मग मी ओटीतलं पान काढून तिच्या हातात दिलं.

चारच ओव्या होत्या. पहिल्या तीन ओव्यांत नाव काठाला लागली, ती उतरली, अंधारात वाट तुडवत घरापाशी आली. चौथी अक्कानं मोठ्यानं वाचली:

*पाय धुतले दारापाशी । माय पुसे लेकीसी ।*
*किती दिवस उपवासी । बैस, वाढते ॥*

खाली 'इति'. आणि दगडावरची वेलबुट्टी.

अक्कानं भिंग खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं रडतेय. तर म्हणाली, "भूक लागलीवती तिला. रिती शिदोरी घेऊन बसवली आपण, अन् पोरीला नुसती भूक लागलीवती." मग उठायला हात पुढं केला. "चल. आज येसराची आमटी कर. माझ्या माहेरचा वास येऊ दे घरात."

नातवानं शमीमआपाला फोन लावला. मी सांगितलं, उतरली, घरी गेली, जेवायला बसली. पलीकडून बाजाराच्या गलक्यात आवाज आला, "अल्ला! चांगलं झालं. काय वाढलंतं?" ते पोथीत लिहिलेलं नाही, म्हटलं. "भाकरीच असणार," ती म्हणाली.

आता सिंधूताईचा वाटा आणि ते ओटी भरलेलं पान आमच्या घरी आहे, अक्काच्या वाट्याशेजारी. आरंभ अजून तलवाड्यालाच आहे. पान पोचवायला जाईन तेव्हा रुक्मिणीच्या शेजारी बसून तो वाचून यायचं ठरलंय. तीच म्हणाली फोनवर, "आता गाठ सुटलीच हाय तर ऐकू द्या मला बी." अक्का रोज सकाळी ऊन आलं की भिंग घेऊन बसते. काल दोन ओळी वाचल्या, परवा चार वाचल्या होत्या. मी भिंग पुसून देते, एवढंच. तिला शेवट पाठ झालाय हे मला माहीत आहे.

तर आता उठू नका अशा घाईनं, आधी कबूल करा. पाडव्याला ते पान सासरी जाणार, त्याच्या आत एकदा या. सकाळच्या उन्हाला या, म्हणजे अक्का स्वतः वाचून दाखवील. आणि येताना खाऊन येऊ नका हो. डब्यात येसर आहे अजून. बसा, वाढते.